शहराच्या इमारती आणि हौशी कॅमेरा
(प्रस्तावना)

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. फोटोग्राफीची कला युरोपात जाहीर होऊन तेव्हा उणीपुरी पंधरा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीत सक्रिय होते. दिवसा वैद्यकी आणि उरलेल्या वेळात काचेच्या पट्ट्या, रसायनं आणि अंधारी खोली, असा त्यांचा संसार. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून ‘दि इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाची चित्रमाला निघत होती. त्याच सुमारास बॉम्बे आर्टिलरीतला टॉमस बिग्ज हा अधिकारी सरकारी नेमणुकीवर विजापूर, बदामी, ऐहोळेकडे जाऊन कागदी निगेटिव्हवर तिथल्या वास्तू टिपत होता. छायाचित्रण हा यांतल्या बहुतेकांचा मूळ पेशा नव्हता. तरीही त्या काळातल्या वास्तू कशा दिसत होत्या हे आज आपल्याला कळतं ते यांनी काढलेल्या चित्रांमुळे.

आपल्याकडच्या वास्तुछायाचित्रणाची सुरुवातच अशी हौसेतून झाली. हे पुस्तक त्याच वाटेवर चालणाऱ्यांसाठी आहे: नोकरी-धंदा सांभाळून रविवारी सकाळी कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी, कॉलेजच्या आवारातल्या कमानींसमोर थबकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि निवृत्तीनंतर आपलं गाव नव्याने पाहणाऱ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की इमारतीचं चांगलं छायाचित्र तिच्या ओळखीतून येतं, आणि ती ओळख वाढवायला लागणारा वेळ हौशी माणसाकडेच असतो. व्यावसायिक छायाचित्रकाराला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत काम उरकावं लागतं. आपल्याला त्याच इमारतीकडे चैत्रात जाता येतं, श्रावणात जाता येतं आणि मार्गशीर्षातही. शिवाय ज्या इमारतींसाठी कोणी पैसे मोजून छायाचित्रकार बोलावणार नाही, त्यांची नोंद झाली तर आपल्याच हातून होणार आहे.

उदाहरणं मी मुंबई आणि पुण्याची घेतली आहेत, कारण ही दोन शहरं मला जवळून माहीत आहेत. नागपूर, कोल्हापूर, पणजी किंवा बडोद्याच्या वाचकाने त्या जागी आपल्या वास्तू ठेवाव्यात. पद्धत तीच राहते.

सुरुवात मुंबईच्या ओव्हल मैदानापासून करावी. वास्तू आणि उजेड यांचं नातं शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि जुनं सचिवालय अशी व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींची रांग आहे. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत ही रांग उभी राहिली. मैदानाच्या पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीवर, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती आहेत. दोन काळ समोरासमोर उभे आहेत. युनेस्कोने २०१८ साली या दोन्ही शैलींच्या समूहाला मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता दिशा बघा. गॉथिक रांगेचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी तिचा दर्शनी भाग सावलीत आणि मागून येणारा सूर्य तुमच्या डोळ्यांत. डेको रांगेचं तोंड पूर्वेला, म्हणून तिला सकाळचं कोवळं ऊन थेट मिळतं. तेव्हा सकाळी मैदानात उभं राहून पश्चिमेकडे पाहावं आणि दुपार कलल्यावर पूर्वेकडे वळावं. इतक्या साध्या गोष्टीनेही निम्मं काम होतं. पण त्यातही बारकावे आहेत. सूर्य जरा वर आला की डेको इमारतींच्या सलग वळत जाणाऱ्या छज्ज्यांची सावली खिडक्यांवर उतरते आणि दर्शनी भागावर आडव्या गडद पट्ट्या उमटतात. वास्तुरचनाकाराने कागदावर ओढलेल्या आडव्या रेषा त्या वेळी खऱ्या अर्थाने उठून दिसतात. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्या एम्प्रेस कोर्टसारख्या इमारतीचे गोलाईदार सज्जे पाहायचे तर हीच वेळ. समोरच्या गॉथिक इमारतींचं गणित वेगळं. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा कोरीव कामाचे उंचसखल भाग दिसतात. सूर्य खाली उतरला की तेच ऊन कमानींच्या आत, सज्ज्यांच्या मागच्या भिंतींपर्यंत पोचतं आणि इमारतीची खोली कळते. दोन्ही छायाचित्रं खरी, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

उत्तराभिमुख इमारतींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्या अक्षांशावर हिवाळाभर त्यांच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. उन्हाळ्यात मात्र सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा तिथे तिरपं ऊन येतं. पर्यटक डिसेंबरात येऊन ‘ही इमारत काळवंडलेली दिसते’ म्हणून निघून जातो. गावातला माणूस मे महिन्यापर्यंत थांबू शकतो.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसमोर उभं राहिलं की प्रत्येक नवख्याला एक अडचण येते. टॉवरची उंची २८० फूट. त्याचा आणि शेजारच्या ग्रंथालयाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि स्कॉट स्वतः भारतात कधीच आले नाहीत. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देऊन आईचं नाव दिलेला हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर वळवला की बाजू आत कलतात, मनोरा मागे रेलल्यासारखा दिसतो. कारण सोपं आहे: कॅमेऱ्याचा सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की इमारतीचा वरचा, दूरचा भाग लहान पडतो आणि उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. उपायही सोपे आहेत. मागे जा, आणि त्यासाठी ओव्हलसारखी मोकळी जागा आहेच. कॅमेरा पातळीत धरा, मोबाइलवर चौकटीच्या रेषा चालू ठेवा. चौकटीचा खालचा अर्धा भाग तेव्हा मैदानाने भरतो. तिथे क्रिकेट चालू असतं आणि ते ओव्हलच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, ते राहू द्यावं. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून परवानगी मिळाली तर आणखी बरं. शिफ्ट लेन्स नावाची खास भिंगं याच कामासाठी असतात, पण ती महाग. संगणकावर रेषा सरळ करणार असाल तर चित्र काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा, कारण रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. आणि एकदा तरी मुद्दाम पायथ्याशी जाऊन, सरळ वर पाहून, झुकणाऱ्या रेषांचं चित्र काढा. उंचीने दडपून जाणं हाही त्या वास्तूचा खरा अनुभव आहे. फक्त तो निर्णय आपला असावा, कॅमेऱ्याचा नव्हे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा धडा आणखी वेगळा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षांत संपलं, आणि २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. तिचं घुमटासकट पूर्ण चित्र कोट्यवधी लोकांनी काढलं आहे. त्यात तुमचं आणखी एक जरूर काढा, पण तिथेच थांबू नका. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलेला आहे, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांची ती प्रतीकं. भिंतीवर ज्यांचे चेहरे कोरले आहेत त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि जगन्नाथ शंकरशेटही. पक्षी, प्राणी, पानंफुलं यांचं कोरीव काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. त्या मुलांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी केलेलं ते काम रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर आहे आणि फार थोड्यांनी ते पाहिलं आहे. दोनशे मिलिमीटरच्या आसपासची लांब पल्ल्याची लेन्स असेल तर रस्त्याच्या पलीकडून हे सगळं हाताशी येतं. मी नवशिक्यांना नेहमी सांगते की या इमारतीचं ‘पूर्ण’ चित्र शेवटी काढा. आधी एक पान, एक चेहरा, एक खांब काढा. तपशील ओळखीचे झाले की पूर्ण इमारत वेगळी दिसू लागते.

आता पुण्याकडे. विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची आवारं हौशी माणसाला शहरापेक्षा दोन बाबतींत सोयीची असतात: मागे सरकायला जागा असते आणि वाहनांची गर्दी कमी असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. जेम्स ट्रबशॉ यांनी इटालियन वळणाने रचलेली ही वास्तू १८७१ च्या सुमारास पूर्ण झाली, आणि १९४९ साली तिथे विद्यापीठ आलं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची गॉथिक इमारत त्याच काळातली, १८६८ सालची. इतिहास माहीत असला की चौकटही बदलते. २२ जून १८९७ च्या रात्री गव्हर्नरच्या याच गणेशखिंडीच्या बंगल्यातला समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. हे ठाऊक असलेला माणूस मनोऱ्याबरोबर तिथून बाहेर पडणारा रस्ताही टिपतो.

पुण्याच्या या वास्तूंचं खरं वैशिष्ट्य म्हणजे काळा दगड. दख्खनच्या पठाराचा हा बेसाल्ट कोरडा असताना करडा दिसतो आणि भिजला की जवळजवळ काळा होतो. कॅमेऱ्याला ही गोष्ट कळत नाही. त्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे भिजल्या काळ्या भिंतीसमोर तो प्रकाश वाढवतो, दगड राखाडी आणि फिकट होतो, वरचं आकाश पांढरं फटक पडतं. म्हणून एक्स्पोजर हाताने कमी करावं, साधारण दोन-तृतीयांश ते एक स्टॉप. मोबाइलवर भिंतीला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली की झालं. आषाढातल्या ढगाळ दिवशी हे करून पाहा. ऊन नसल्यामुळे कडक सावल्या नसतात, दगडाच्या सांध्यांत उगवलेली शेवाळी हिरवाई स्पष्ट होते, छिन्नीच्या खुणा दिसतात. वास्तुछायाचित्रणासाठी निळं आकाश आणि लख्ख ऊनच हवं असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं दूरदेशीच्या हवामानात लिहिलेली आहेत. आपले पावसाचे चार महिने आपण वाया घालवायचं कारण नाही.

याच विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, आणि संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर. इथली एक भिंत मी वाचकाला जवळून दाखवू इच्छिते. खाली ओबडधोबड बेसाल्ट, त्यावर कडाप्पा, आणि अगदी वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. तीन थर, तिन्ही काळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा अधिक गडद. पण वरचा ग्रॅनाइट आरशासारखा गुळगुळीत असल्यामुळे त्यात आकाश उतरतं आणि भिंत नेमकी कुठे संपते हे काही कोनांतून कळेनासं होतं. अवकाशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या भिंतीची कड अवकाशात मिसळून जावी, ही कोरियांची कल्पना. आता छायाचित्रकाराने काय करायचं? समोरून, भर दुपारी काढलेल्या चित्रात ही भिंत म्हणजे तीन काळे पट्टे. भिंतीच्या लगत जाऊन, तिच्या लांबीच्या दिशेने, आकाशात ढग असताना कॅमेरा धरला की बेसाल्ट उजेड शोषून घेताना दिसतो आणि ग्रॅनाइट तो परत देताना. मधल्या चौकात कुंड आहे, न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. त्यांच्याकडे लक्ष आपोआप जातं. भिंतीकडे ते न्यावं लागतं. वास्तुरचनाकाराने काय साधायचा प्रयत्न केला आहे हे ओळखून, ते ज्या जागेवरून आणि ज्या वेळी दिसेल तिथे जाऊन उभं राहणं, हेच आपलं काम. बाकी सगळं तंत्र त्यानंतर.

परवानगीचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार एखाद्या वास्तूचं छायाचित्र काढणं किंवा प्रसिद्ध करणं हा हक्कभंग ठरत नाही. पण याचा अर्थ कोणत्याही आवारात शिरण्याचा हक्क मिळतो असा नाही. विद्यापीठं, महाविद्यालयं, न्यायालयं, रेल्वे स्थानकं यांचे आपापले नियम असतात. लष्करी आस्थापना आणि तशा प्रतिबंधित जागांपासून दूरच राहावं. ड्रोनला २०२१ च्या नियमांची स्वतंत्र चौकट आहे. आवारात काम करायचं तर आधी कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचं पत्र द्यावं: कोण आहोत, काय काढणार, कशासाठी. पत्राची प्रत खिशात ठेवावी. आणि फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी नीट बोलावं. ‘काका, नमस्कार. ऑफिसातून पत्र घेतलंय, बघता का? बाहेरूनच काढणार आहे, वसतिगृहाकडे जाणार नाही,’ एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी वाट मोकळी होते, आणि पुष्कळदा ‘मागच्या जिन्याकडून बघा, तिथून चांगली दिसते’ असा सल्लाही मिळतो. त्या सल्ल्याची किंमत मोठी आहे, कारण तो माणूस ती इमारत दिवसरात्र पाहत असतो.

माणसांचा प्रश्न याच्या जोडीचा. रिकाम्या इमारतीचं चित्र स्वच्छ दिसतं, पण ते अपुरं असतं. पायरीवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी चौकटीत आली की पायरीची उंची कळते, कमान किती मोठी ते कळतं, आणि ही जागा वापरात आहे हेही कळतं. चेहरा ओळखू येण्याइतकं जवळ गेलो तर विचारावं. घरांच्या आणि वसतिगृहांच्या खिडक्यांत भिंग रोखू नये. हा नियम मी कोणत्याही चांगल्या चित्रासाठी मोडणार नाही, आणि वाचकानेही मोडू नये.

या पुस्तकाचा शेवटचा भाग वारशाच्या यादीत नसलेल्या इमारतींबद्दल आहे, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ओव्हलची रांग सुरक्षित आहे, तिची हजारो छायाचित्रं आहेत. पण शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा इथल्या तीन-चार मजली डेको इमारतींचं काय? त्यांचे गोल सज्जे, जिन्यांची जाळी, दारावरची वळणदार अक्षरातली नावं पुनर्विकासात एकेक करून जात आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, गिरणगावाच्या कितीतरी पिढ्या तिथे वाढल्या. आता त्यांच्या जागी उंच मनोरे येत आहेत. रहिवाशांना चांगली घरं मिळायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण जाणाऱ्या वास्तूची नोंद राहणंही तितकंच न्याय्य आहे. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले, उरलेले त्यानंतरच्या दशकांत बिल्डरांच्या हाती गेले. त्यांतल्या बहुतेकांची चित्रं आज शोधायला जावं तर लग्नामुंजीच्या फोटोंत नवरानवरीच्या मागे अर्धवट दिसणारा चौक, एखादा खांब, तुळशीवृंदावनाची कड, एवढंच हाती लागतं. वाड्याचं म्हणून कोणी चित्र काढलंच नव्हतं. तो समोर होता, म्हणून तो कायम राहील असं सगळ्यांना वाटलं.

नोंदीचं हे मोल मान्य केलं की चित्रावरच्या संस्कारांबद्दलही भूमिका ठरते. कललेल्या रेषा सरळ करणं, काळोखातला तपशील थोडा वर आणणं यात गैर काही नाही. पण आकाश बदलणं, विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्रं, ओघळांचे डाग पुसून टाकणं मला मान्य नाही. आजची साधनं हे एका बोटाने करून देतात, म्हणून तर हे स्पष्टपणे सांगायला हवं. भिंतीवरचा पाण्याचा डाग संवर्धन करणाऱ्याला गळती कुठे आहे ते सांगतो. तारा नको असतील तर जागा बदला, वेळ बदला, पण इमारत बदलू नका.

साधनांबद्दल थोडक्यात: हातात जे आहे ते पुरेसं आहे. चांगला मोबाइल आणि एक साधा तिपाई स्टँड एवढ्यावर या पुस्तकातले बहुतेक धडे गिरवता येतात. नवीन भिंग घेण्याआधी आपल्या गल्लीतली एक इमारत तिन्ही ऋतूंत टिपून पाहा.

शेवटी वाचकाला एक विनंती. तुमच्या रोजच्या वाटेवरची, कोणत्याही यादीत नसलेली एक इमारत निवडा. तिची चार चित्रं काढा: पूर्ण दर्शनी भाग, दोन बाजू दिसतील असा कोपरा, नावासकट प्रवेशद्वार, आणि माप कळेल असा एखादा जवळचा तपशील. प्रत्येक चित्राला तारीख, इमारतीचं नाव, रस्ता आणि दिशा लिहा. तिथल्या जुन्या रहिवाशाला बांधकामाचं साल विचारा आणि तेही लिहून ठेवा. एक प्रत घरात, एक दुसऱ्या डिस्कवर आणि एक गावातल्या ग्रंथालयात ठेवायला द्या. हे काम कोणतीही सरकारी यंत्रणा गल्लीगल्लीत येऊन करणार नाही. ते आपण करायचं आहे, आणि इमारत उभी आहे तोवरच करायचं आहे.